माफ केलेली तक्रार

डेअरीतून फोन आला तेव्हा मी आणि निसार डबा खात होतो. फोन आमचे मालक शिरगुप्पे साहेब यांच्या खोलीत आला. ते स्वतः उठून आमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "प्रल्हाद, हात धुवा. डेअरीत गॅस गळलाय. आपल्याला निघायचंय."

मला वाटलं, आमचा कंट्रोलर बंद पडला असेल. शिरोलीच्या एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी शीतगृहांसाठी कंट्रोलर बनवायची, आणि कागलच्या पुढं असलेल्या त्या डेअरीत आमचाच कंट्रोलर बसवलेला होता. मी लॅपटॉप बॅगेत भरायला लागलो. साहेब म्हणाले, "ते राहू द्या."

लॅपटॉप लागणार नाही म्हटल्यावर मला समजलं. माझी बायको वैजयंती त्याच डेअरीत कॉम्प्रेसर विभागाची शिफ्ट इनचार्ज होती.

गाडीत निसार मागं माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझा डबा झाकण लावून बरोबर घेतला होता. का घेतला ते त्यालाही सांगता आलं नसतं. सरकारी दवाखान्याच्या दारात डेअरीचे मॅनेजर उभे होते. त्यांनी साहेबांकडं बघून मान हलवली, आणि मग माझ्याकडं बघितलं.

दोघं गेली होती. वैजयंती आणि तिच्या हाताखालचा सदाशिव खोत. सदाशिव तेल बघायला कॉम्प्रेसरच्या खोलीत गेला होता, त्याच्यामागून ती गेली. दूध गार ठेवायला तिथं अमोनिया वापरतात. पाइपाचा जोड सुटला होता. मला आत नेलं तेव्हा तिच्या केसांना तो वास होता. तो वास घरात नेहमीच यायचा, तिच्या डब्याच्या पिशवीला, ओढणीला. मी तिला म्हणायचो, तू घरी आलीस की शेजाऱ्यांनासुद्धा कळतं. त्या दिवशी तो इतका होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि लोकांना वाटलं मी रडतोय. मी रडलो ते पुष्कळ नंतर.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरी आम्ही दोघंच.

दोघांची रक्षाविसर्जनं एकाच सकाळी पंचगंगेच्या घाटावर होती. आमची माणसं एका बाजूला, खोतांची दुसऱ्या बाजूला. मी सदाशिवच्या बायकोला, आक्काताईंना, भेटायला गेलो. वैजयंती त्यांच्या घरी एकदोनदा जेवून आली होती, त्यांच्या हातच्या खर्ड्याचं कौतुक करायची. मी नमस्कार केला. आक्काताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमी कशाला आलासा हिकडं?"

मी म्हटलं, सदाशिव माझ्याही ओळखीचे होते.

"भोंग्याची किल्ली तुमच्या बाईंच्या कमरंला हुती," त्या म्हणाल्या. "दिवा पेटल्याला, पर भोंगा गप. माझा माणूस आत हुता, आन् त्यांनी भोंगा गप केला. समदी डेअरी म्हणतीया. मी काय पदरचं बोलत न्हाई."

त्यांच्या भावानं त्यांना गप्प केलं. मला तो म्हणाला, "जावा तुमी आता." मी आलो.

नंतर मॅनेजरांकडून सगळं कळलं. खोलीत गॅस वाढला की आमचा कंट्रोलर पॅनेलवर लाल दिवा लावतो आणि भोंगा वाजवतो. दिवा लागलेला चारजणांनी बघितला होता. भोंगा कोणी ऐकला नव्हता. भोंगा बिघडलेला नव्हता. आठवड्याच्या सुट्टीला त्याची चाचणी व्हायची आणि त्याच आठवड्यात तो वाजला होता. भोंगा चालू असताना बंद करायला किल्लीचं बटण असतं, आणि किल्ली शिफ्ट इनचार्जकडं असते. यातून कोणीही काढेल तोच अर्थ लोकांनी काढला. सदाशिव आत असताना वैजयंतीनं भोंगा बंद केला, त्याला कळलं नाही, आणि मग घाबरून ती त्याच्यामागं धावली.

चौकशी लागली. वीज तुटली की आमचा कंट्रोलर त्या क्षणाची आपल्या मेमरीची प्रत जपून ठेवत असे. गळती कळल्यावर डेअरीची वीज तोडली होती, त्या क्षणाची प्रत आमच्या कंपनीकडं आली. भोंगा कोणी बंद केला का, हे त्या प्रतीत असणार होतं. पण ती उघडत नव्हती.

हे थोडं समजावून सांगायला हवं. मेमरीच्या प्रतीत नुसते आकडे असतात. कुठल्या कप्प्यातला आकडा कशाचा, हे सांगणारा नकाशा प्रोग्राम तयार करताना कंपायलर बनवून ठेवतो. नकाशा आणि आकडे एकत्र वाचून जे साधन माणसाला कळेल असं सांगतं, ते डीबगर. आमच्या कंपनीचा डीबगर मी सांभाळत होतो. आमचा प्रोग्राम दोन तुकड्यांचा होता. जुना तुकडा एका कंपायलरनं बनवलेला, आणि ती कंपायलरवाली कंपनीच पुढं बुडाली. नवा तुकडा दुसऱ्या कंपायलरनं, तो निसार लिहायचा. दोन कंपायलर, दोन तऱ्हेचे नकाशे. एक लांबी बिटांत लिहितो, दुसरा बाइटांत. एक कप्पे शून्यापासून मोजतो, दुसरा एकपासून. डीबगर हे दोन नकाशे एकमेकांशी ताडून बघायचा आणि जुळलं नाही की तक्रार लिहून थांबायचा. पुढचं काहीच सांगायचा नाही.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "तुम्हाला हे काम सांगायला मला जिवावर येतंय. पण डीबगर तुमच्याशिवाय कोणाला येत नाही. त्याला जरा सहनशील करा. जुळलं नाही तर नाही, पुढं जा म्हणावं."

दुसरं कोणी असतं तर मी दिलं असतं का, माहीत नाही. मला स्वतःला बघायचं होतं. मी हो म्हटलं.

निसारनं खुर्ची माझ्या टेबलाला लावली. तो आणि मी एकाच पॉलिटेक्निकचे. तो बोलका, मी कमी बोलणारा. तक्रारींची रांग मोठी होती. आम्ही एक-एक उघडून बघायचो, दोन्ही नकाशे एकच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगतायत अशी खात्री झाली की मी डीबगरला शिकवायचो की हे चालवून घे. निसार म्हणायचा, "एक इचलकरंजीचा, एक पुण्याचा. दोघं पोहेच मागतायत, पण भांडण लागलंय." मला हसू यायचं नाही, पण तो बोलत होता म्हणून मी तिथं बसू शकत होतो.

सगळ्या तक्रारी तसल्याच निघत गेल्या. मग माझं बघणंही सैल झालं. रांगेच्या शेवटाला निसार नमाजाला गेला होता. एक तक्रार उरली होती. अलार्मच्या नोंदीबद्दल होती. जुना नकाशा म्हणत होता नोंद अमुक कप्प्यांची, नवा म्हणत होता एक कप्पा जास्त. शून्य आणि एकच्या मोजणीमुळं असे फरक आधीही बरेच आले होते. मी डीबगरला सांगितलं, असं असेल तर जुना नकाशा खरा मान आणि पुढं जा.

प्रत उघडली. अलार्म: चालू. भोंगा बंद केला: होय.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी माझ्या मागं उभं राहून पडदा दोनदा वाचला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले. "माणसाच्या हातून होतं." त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि सुटकाही होती. कंट्रोलर निर्दोष ठरला होता. त्या पडद्याचं छायाचित्र त्यांनी चौकशी अधिकाऱ्यांना पाठवलं.

मी घरी गेलो. तिला तो भोंगा आवडायचा नाही. जेवताना एकदा म्हणाली होती, त्या आवाजानं दात दुखतात. मला तेवढंच आठवत राहिलं. स्वयंपाकघरात उभा राहून मी तिच्यावर रागावलो. मोठ्यानं बोललो की काय कोण जाणे. दात दुखतात म्हणून कोणी भोंगा बंद करतं काय, एक माणूस आत असताना. तिच्या फोटोला हार घालायचा मी सोडून दिला. सकाळी फोटोकडं न बघता बाहेर पडायचो. आक्काताईंच्या भावाला निरोप पाठवला की तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, मी माफी मागायला येईन. त्याचा उलट निरोप आला, येऊ नका.

ते दिवस तिच्या मरणापेक्षा वाईट होते. ती मेली त्या दिवशी ती माझी होती.

निसारही कामावर येईनासा झाला होता. ताप आहे असं कळवलं होतं. एका रविवारी सकाळी तो घरी आला. दाढी वाढलेली, चपला दारात नीट न काढता आत आला. मी चहा ठेवायला आत गेलो तर तो मागं-मागं स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"शेवटची तक्रार तू माफ केलीस," तो म्हणाला. "अलार्मच्या नोंदीची."

मी म्हटलं, "मोजणीचा फरक होता."

"मोजणीचा नव्हता."

मी गॅस बंद केला.

त्यानं मांडणीवरचे डबे खाली घेतले आणि ओट्यावर ओळीनं ठेवले. ते वैजयंतीचे डबे होते. "हा गॅस किती. हा अलार्म चालू का. हा तिसरा, भोंगा बंद केला का. हा चौथा, वेळ. जुना तुकडा असं समजतो. बरोबर? भोंगा जुना तुकडाच वाजवतो. तिसऱ्या डब्यात एक दिसला की गप्प बसतो."

"बरोबर."

"गेल्या वर्षी डेअरीनं दुसरा कॉम्प्रेसर घेतला. तो चालू आहे की नाही हे कुठंतरी ठेवायला हवं होतं." त्यानं आणखी एक डबा घेतला, तिसऱ्याच्या जागी घुसवला आणि बाकीचे सरकवले. "मी इथं ठेवलं. मध्ये. शेवटी ठेवायला हवं होतं. मला वाटलं जुना तुकडा पुन्हा बनेल. तो बनत नाही हे मला माहीत होतं, प्रल्हाद, आपल्या सगळ्यांना माहीत होतं, त्याचा कंपायलरच राहिला नाही. आपण कायम जुनाच जोडतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात नव्हतं."

मी तिसऱ्या डब्यावर बोट ठेवलं.

"दुसरा कॉम्प्रेसर चालू झाला की माझा तुकडा तिसऱ्या डब्यात एक टाकतो," तो म्हणाला. "जुना तुकडा तो वाचतो आणि म्हणतो, कोणीतरी भोंगा बंद केला. किल्लीचं बटण माझाच तुकडा वाचतो, म्हणून वहिनींनी किल्ली फिरवली असती तर एक चौथ्या डब्यात पडला असता. चौथ्यात शून्य आहे. मी प्रत पुन्हा बघितली. शून्य आहे."

"पण चाचणीत भोंगा वाजायचा," मी म्हटलं.

"चाचणी कधी करतात?"

सुट्टीला. दोन्ही कॉम्प्रेसर बंद असताना. कॉम्प्रेसरच्या आवाजात भोंगा नीट ऐकू येत नाही म्हणून ही पद्धत पडली होती. वैजयंतीनंच मला ते सांगितलं होतं.

निसार खाली फरशीवर बसला. "डीबगर बरोबर थांबत होता," तो म्हणाला. "दोन नकाशे खरंच जुळत नव्हते. तेवढं एकच भांडण खरं होतं."

मी त्याला शिवी दिली नाही. उचलून बाहेरही काढला नाही. लोकांना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण मला पहिल्यांदा हलकं वाटलं. तिनं किल्ली फिरवली नव्हती. भोंगा वाजलाच नव्हता. सदाशिव बाहेर येत नाही म्हणून ती बघायला गेली होती, जशी रोज जायची. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि फोटोसमोर उभा राहिलो. निसार आत रडत होता ते ऐकू येत होतं.

त्याच दिवशी आम्ही दोघं कंपनीत गेलो. शिल्लक पडलेला कंट्रोलरचा एक बोर्ड घेतला, त्यात डेअरीचाच प्रोग्राम भरला, टेबलावर एक भोंगा जोडला. गॅसचा आकडा खोटा वाढवला. भोंगा वाजला. मग दुसऱ्या कॉम्प्रेसरचं बटण चालू केलं. भोंगा गप्प झाला. लाल दिवा तसाच लागलेला. बंद केलं, वाजला. चालू केलं, गप्प. निसार म्हणाला, "पुरे." मी आणखी एकदा केलं.

सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचा भोंगाही बघितला. मग निसारला म्हणाले, गाडी काढ, आज डेअरीचा प्रोग्राम बदल आणि बोर्डही बदलून आण. तिथून सांगली, मग गुजरातची दोन शीतगृहं. ज्या-ज्या ठिकाणी दुसरा कॉम्प्रेसर आहे तिथं सगळीकडं. मला वाटलं, माणूस सच्चा आहे. मी त्यांना म्हटलं, चौकशी अधिकाऱ्यांना कधी सांगायचं. ते म्हणाले, "आधी माणसं वाचवू. मग बघू."

याला कोण नाही म्हणणार. मीही म्हटलं नाही.

सुनावणी डेअरीच्या अतिथिगृहात झाली. निसार अजून गुजरातेत होता. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. चौकशी अधिकारी वयस्क होते, सभ्य होते, मला आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, डब्यांच्या उदाहरणासकट, आणि डीबगरला नवा नकाशा खरा मानायला लावून प्रत पुन्हा उघडून दाखवली. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही मयत बाईंचे कोण?"

"पती."

"आणि हा डीबगर कोणी दुरुस्त केला?"

"मी."

"अपघातानंतर?"

"हो."

"म्हणजे आधी तो काहीच सांगत नव्हता. तुम्ही दुरुस्त केलात, तेव्हा त्यानं सांगितलं बाईंनी भोंगा बंद केला. ते तुमच्या कंपनीनं मला पाठवलं. आता तुम्ही पुन्हा दुरुस्त केलात, आणि तो सांगतो केला नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिसऱ्यांदा कराल तर काय सांगेल?"

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. बोर्ड बरोबर आणलाय, समोर वाजवून दाखवतो.

"बोर्ड तुमचा, प्रोग्राम तुमचा, भोंगा तुमचा," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. "इथला दाखवता येईल का? जो त्या दिवशी चालू होता तो?"

मॅनेजर म्हणाले, तो बोर्ड कंपनीची माणसं बदलून घेऊन गेली. नेहमीची देखभाल म्हणून.

मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, जुने बोर्ड आम्ही मोडीत काढतो. नवा प्रोग्राम अधिक चांगला आहे. प्रोग्राममधली चूक म्हणाल, तर ज्यानं तो लिहिला त्यानं मला लेखी काही दिलेलं नाही. "प्रल्हाद चौगुल्यांचं दुःख मी समजू शकतो," म्हणाले. "त्यांनी अजून थोडे दिवस रजा घ्यायला हवी होती."

एवढंच झालं. कोणी आवाज चढवला नाही. चहा आला तो सगळ्यांनी घेतला, मीसुद्धा.

अहवालात एक वाक्य आहे: शिफ्ट इनचार्जनं भोंगा बंद केल्यामुळं आत असलेल्या कर्मचाऱ्यास सूचना मिळाली नाही. मी नंतर अर्ज केले. प्रकरण बंद झालं आहे असं उत्तर आलं.

सुनावणीनंतर मी तडक आक्काताईंच्या घरी गेलो. येऊ नका म्हटलेलं होतं, तरी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण हाकललंही नाही. मी उंबऱ्याच्या खाली बसलो आणि सांगितलं. डबे, दुसरा कॉम्प्रेसर, सुट्टीची चाचणी, सगळं. त्यांचा हात चालू होता. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजी भोंगा वाजलाच न्हाई."

"नाही वाजला."

"आन् बाईंनी किल्ली फिरवली न्हाई."

"नाही फिरवली."

"मग बाई आत कशाला गेल्या?"

"सदाशिव बाहेर येईनात म्हणून."

त्यांनी शेंगा फोडायचं थांबवलं. पदरातली टरफलं झटकली. मला वाटलं, त्यांना पटलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी तेंचं नवरा. तुमी असंच म्हणणार. मी बी माझ्या माणसासाठी असंच म्हटलं असतं. मागल्या खेपंला तुमीच निरोप धाडला हुता, बाईंनीच केलं म्हून. आज म्हणतासा न्हाई केलं. मी कुठलं धरू?"

त्यांनी पुन्हा शेंग उचलली.

"ज्यानं चूक केली म्हणतासा, तेला घिऊन या," त्या म्हणाल्या. "हितं, माझ्या दारात. तेच्या तोंडानं सांगू दे. मग मी मानीन. मग मी सोता जाऊन सांगीन समद्या डेअरीला, बाई माझ्या माणसाला बघाय गेल्या हुत्या म्हून."

मी म्हटलं, आणतो.

निसार गुजरातेतून परत आल्यावर मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ." कधी, म्हटलं. म्हणाला, ताप अजून येतोय, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईचं काहीतरी निघालं. मग एक दिवस आम्ही खरंच निघालो. कागलच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथं त्यानं मोटारसायकल थांबवली आणि हँडल धरून तसाच उभा राहिला. "तू तिला माझं नाव सांगितलंस का?" त्यानं विचारलं.

मी नव्हतं सांगितलं.

"ती विचारेल, दोन्ही कॉम्प्रेसर चालू ठेवून तू का नाही तपासलंस. ती विचारेल, तुला किती पोरं आहेत." तो रस्त्याकडं बघत बोलत होता. "वहिनींचं मी तुला सांगू शकलो, प्रल्हाद, कारण तू तू आहेस. त्या बाईला मी काय सांगू? दोन माणसं मारली म्हणून सांगू?"

"मी असेन तिथं," मी म्हटलं.

"तू असशील म्हणूनच."

मी त्याला ओढून नेऊ शकलो असतो. अंगानं तो माझ्यापेक्षा लहान. मी मागं बसलो आणि आम्ही परत आलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मस्कतला गेला.

मीही ती नोकरी सोडली. जाण्याआधी डीबगरमधली ती शेवटची माफी काढून टाकली. बाकीच्या तशाच ठेवल्या, त्या बरोबर होत्या. दोन नकाशांत कप्प्यांची संख्याच जुळत नसेल, तर तो आता दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी दाखवतो आणि खाली लिहितो की खरं कोणतं हे सांगता येत नाही. माझ्यानंतर कोणी ते बदललं की काय, मला माहीत नाही. साहेबांनी सगळीकडचे प्रोग्राम बदलले हे मात्र खरं. त्या कंट्रोलरमुळं पुढं कोणी मेलं नाही.

निसार ईदला कोल्हापुरात येतो. येताना माझ्यासाठी खजूर आणतो. आम्ही चहा घेतो, त्याच्या मुलींच्या लग्नांबद्दल बोलतो, पॉलिटेक्निकमधल्या मास्तरांच्या नकला करतो. पहिल्या वर्षी मी त्याला आक्काताईंची आठवण करून दिली होती. तो कपाकडं बघत म्हणाला, "जाऊ." दुसऱ्या वर्षी मी काही म्हटलं नाही. तो घरात आला की आधी वैजयंतीच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहतो, मग बसतो.

आक्काताई अजून त्याच घरात आहेत. बाजारात कधी दिसतात. त्या माझ्याकडं बघतात, मग माझ्या मागं कोणी आहे का ते बघतात, आणि पुढं जातात. बारा-तेरा वर्षं झाली. निसारला त्यांच्या दारात न्यायचं अजून राहिलं आहे.